निरभ्र ते कोरं

लीनानं ते अगदी सहज सांगितलं. बाल्कनीचं दार लावून घेत, तळपायाला लागलेली कचकच पायपुसण्यावर झटकत ती म्हणाली, "आजी, तुला माहितीये, उपग्रहांची जुनी सगळी चित्रं आता नेटवर आलीयेत. तुझ्या टाइमची पण. कोणतीही डेट सांग, मी काढून देते." मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं आणि चहा कपातून बशीत, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर आला. भाजलं, पण ते नंतर कळलं. "अरे यार, आजी!" म्हणत ती फडकं घेऊन धावली. मी म्हटलं, "काही नाही, हात ओला होता." हात ओला नव्हता. इतकी वर्षं जे चित्र पुन्हा पाहायला मिळणार नाही असं मी स्वतःला समजावलं होतं, ते कुठेतरी शाबूत होतं, आणि ही पोरगी पायाची माती झटकता झटकता ते मागवून देणार होती.

मे महिना आहे. मोरणीच्या डोंगरात चिडाची, म्हणजे पाइनची, जंगलं पेटली आहेत. मनीमाजऱ्यातल्या माझ्या या घरात सकाळी खिडकी उघडली की राळेचा वास येतो, देवघरात कुणी ऊद जास्त घातल्यासारखा. त्यात पश्चिमेकडून धूळ आली आहे. सूर्य उगवतो तो ताटलीसारखा, डोळे न मिटता बघता येईल असा. लीना अहमदाबादला हेच काम करते, धूर कुठून निघाला आणि धूळ कुठे चालली ते वरून पाहण्याचं. सुट्टीवर आली तरी लॅपटॉप बरोबर आलाच. काल तिनं पडदा माझ्याकडे वळवून म्हटलं होतं, "बघ, दोन्ही मिक्स झालंय. आमच्या प्रोग्रामला पण सेपरेट करता येत नाहीये." मी चष्मा वर करून पाहिलं आणि बोट ठेवून सांगितलं, "हा धूर. ही धूळ." ती हसली. "कैसे पता?" "धुराला सुरुवात असते. एका टोकाला निमुळता होत जातो, तिथे आग. धुळीला सुरुवात दिसत नाही, तिला फक्त पुढची कड असते." तिनं लगेच आईला फोन लावला आणि म्हणाली, "मम्मा, नानी तो खतरनाक है." लीना मराठीत बोलते तेव्हा मी आजी असते, हिंदीत बोलते तेव्हा नानी. मला दोन्ही चालतं. आज सकाळी ती तारीख विचारत होती आणि मी तारीख न सांगता कुंड्यांना पाणी घालायला गेले.

कुंड्यांच्या पानांवर मऊ, पिठासारखी धूळ बसली होती. ही दूरची धूळ. जवळची धूळ खरखरीत असते, दूरवरून येणारी वाटेत जड कण टाकत येते आणि पोचते तेव्हा नुसती मऊ उरलेली असते. हे मला बावाजींनी शिकवलं. दलजीत सिंग बावा. आमच्या कक्षात आम्ही दोघंच वाचक होतो, ते आणि मी. वाचक असंच म्हणायचे. एका सरकारी कोठीच्या मागच्या खोलीत, खालून दिवा असलेलं काचेचं टेबल, दोन उंच स्टुलं, एक कूलर जो पाण्यापेक्षा आवाज जास्त काढायचा. दिल्लीला उपग्रहाची चित्रं उतरायची, त्यांच्या छपाईचं भेंडोळं गाडीनं आमच्याकडे यायचं. म्हणजे आमच्या टेबलावर पसरलेलं आकाश नेहमी कालचं असायचं. त्यावरून आम्ही आजचा आणि उद्याचा अंदाज बांधायचा, जंगलखात्याला आगीची आणि शेतीखात्याला आंधीची, धुळीच्या वादळाची, खबर द्यायची. एकाच वेळेची दोन चित्रं असत. एक उजेडाचं, डोळ्यांना दिसेल तसं. दुसरं उष्णतेचं. धूर उजेडाच्या चित्रात दिसतो आणि उष्णतेच्या चित्रात नाहीसा होतो, त्याच्या आरपार खालची जमीन दिसते. दाट धूळ मात्र दोन्हींत राहते. म्हणून नियम असा होता की उजेडाचं चित्र एकानं वाचायचं, उष्णतेचं दुसऱ्यानं, एकमेकांकडे पाठ करून, न बोलता. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून आपापलं रेखाटायचं आणि मगच दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे. एकट्यानं दोन्ही वाचायची नाहीत. माणूस पहिल्या चित्रात जे बघतो तेच दुसऱ्यात शोधायला लागतो. बावाजी याबाबतीत कर्मठ होते. ते आजारी पडले तर चित्रं पडून राहत, पण मी एकटीनं वाचलेली त्यांना चालत नसे, आणि स्वतः तर ते कधीच वाचत नसत. "भैणजी, एक आँख से भगवान भी धोखा खा जाए," म्हणायचे आणि डब्यातल्या खुसखुशीत मठ्ठीचे कण काचेवर सांडायचे. मी ओरडायचे, "बावाजी, राजस्थानात ढग आलेत बघा." ते फुंकर मारायचे. "लो जी, मौसम साफ."

मेणाच्या पेन्सिली होत्या. धुराला निळी, धुळीला तपकिरी, ढगाला पांढरी. आणि जिथे काहीच नाही, आकाश स्वच्छ आहे आणि खालची जमीन नीट दिसते आहे, तिथे काही काढायचं नाही. निरभ्र ते कोरं. पहिल्याच दिवशी बावाजींनी मला हे सांगितलं होतं. आम्हाला पगार झाकलेलं बघण्याचा मिळतो, उघडं ते बघायला आपल्याकडे वेळ नाही. मला ते अगदी पटलं होतं. नजर तशी तयारच झाली. चित्र उलगडलं की डोळा सरळ डागावर जायचा, स्वच्छ भागावरून पाण्यावरून सरकावा तसा सरकून. कागद भरला की मूळ चित्रं त्याच संध्याकाळच्या गाडीनं दिल्लीला परत. आमच्याकडे राहायचे ते फक्त आम्ही रेखाटलेले कागद.

विश्वास या सगळ्याची मनसोक्त थट्टा करायचा. माझा नवरा. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचा, शर्टाला कायम सडक्या अंड्याचा वास. आम्ही वाईचे, म्हणजे मी वाईची, तो साताऱ्याचा. नोकरीनं इतक्या लांब, पंजाबच्या राजधानीत, आणून टाकलं होतं. सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, गच्चीवरून बसस्टँडच्या बाजूचा धुरळा दिसायचा, आणि पहाटेपासून कंडक्टरांच्या आरोळ्या, पटियाला, पटियाला, संगरूर, भटिंडा. आमची मुलगी विनया, लीनाची आई, त्या आरोळ्यांच्या चालीवर पाढे म्हणायची. तो म्हणायचा, "तुमचं आकाश शिळं. काल पाऊस पडला हे आज ठरवणारं तुमचं खातं. यापेक्षा मी खिडकीतून हात बाहेर काढतो." मी म्हणायचे, "तुमच्या परीक्षानळीत काय होतं ते तरी तुम्हाला आधी कुठे कळतं? फुटल्यावर कळतं." तो मोठ्यानं हसायचा. त्याचं हसणं घराच्या मानानं फार मोठं होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बीजी छताला काठी ठोकायच्या, तेव्हा तो आणखी हसायचा.

दिवस वाईट होते, दहशतवादाचे. आता ते दिवस म्हटले की तरुण माणसं मान हलवतात, जशी आम्ही फाळणीच्या गोष्टींना हलवायचो. प्रत्येक चौकात वाळूची पोती, पोत्यांवर बंदूक टेकून बसलेली शिपायांची घामेजलेली पोरं. बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या. विनया शाळेत जाताना पडलेली पेन्सिलही उचलत नसे. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचणं आम्ही बंद केलं होतं, सकाळचंच पुरे व्हायचं. बावाजींची पगडी बघून रोज नाक्यावर त्यांची सायकल थांबवत, डबा उघडायला लावत. ते आत येऊन टेबलाशी बसत आणि म्हणत, "आज राजमा भी संदिग्ध पाया गया." मी हसायचे. हसल्यावर लाज वाटायची. त्यांना ती दिसायची आणि ते चटकन काचेखालचा दिवा लावायचे.

मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा असत. बाहेरगावच्या कॉलेजात परीक्षक पाठवावे लागत. त्या वर्षी पंजाबातल्या माळव्याकडच्या एका मंडीच्या गावात जायला कुणी तयार नव्हतं. एकाची आई आजारी झाली, एकाची कंबर धरली. विश्वासनं कंबर धरून एकदा चालून दाखवलं, अगदी हुबेहूब त्या गृहस्थासारखं, आणि मग म्हणाला, "मी जातोय." मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. "तुम्हीच का?" "मुलांचं वर्ष जाईल, सरोज. शेतकऱ्यांची पोरं आहेत, पहिल्यांदा कुणीतरी बी.एस्सी. होतंय घरात." "आणि आपलं घर?" मग त्यानं ते नेहमीचं केलं, थट्टा. "तुझा उपग्रह दुपारी जातो ना माथ्यावरून? मी बरोबर त्या वेळेला बाहेर अंगणात येऊन हात हलवीन. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर बघ. म्हणजे झालं? नवरा सुखरूप असल्याचा सरकारी पुरावा." विनया म्हणाली, "बाबा, सच में दिखोगे?" "दिसणार म्हणजे काय. लाल शर्ट घालतो हवं तर." त्याच्याकडे लाल शर्ट नव्हताच. निघताना पिशवीत मी दशम्या घातल्या, लसणाची चटणी घातली. जिन्यावरून तो उतरला, खालच्या बीजींना "सत श्री अकाल, बीजी, आता दोन दिवस शांत झोपा" असं मराठीतच म्हणाला, आणि त्यांनीही नेहमीप्रमाणे काही न समजता आशीर्वाद दिला.

त्याच दिवशी दुपारी तो पोचणार, एका तुकडीची परीक्षा घेणार, दुसऱ्या दिवशी उरलेली तुकडी आटपून संध्याकाळपर्यंत घरी. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर चित्रं आली ती आदल्या दिवसाची. म्हणजे तो तिथे होता त्या दुपारची. मी उजेडाचं घेतलं, बावाजींनी उष्णतेचं. चित्र उलगडताच मला डाव्या कडेला, बिकानेरच्या पलीकडे, ती दिसली. धुळीची लांबच लांब कड, पुढे आलेली, जीभ काढल्यासारखी. इतकी मोठी आंधी मी त्याआधी पाहिली नव्हती. मी तपकिरी पेन्सिल घेतली आणि सबंध वेळ त्या कडेवर वाकून राहिले. माळवा स्वच्छ होता. कालवे दिसावेत इतका. गहू कापून झालेली फिकी जमीन. माझी नजर त्यावरून सरकली, कोरं. हात हलवण्याची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. आली असती तरी काय दिसणार होतं? त्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पण म्हणून बघायचं नसतं का? विमानतळावर आपण काचेआडून विमानाला हात करतोच ना, आत कोण कुठे बसलंय ते दिसत नसताना. दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळल्या. बावाजी म्हणाले, "शाम तक यहाँ." आम्ही तशी खबर धाडली. चित्रं संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

आंधी आली ती आम्ही सांगितली होती त्याच सुमाराला. आधी उजेड पिवळा झाला, मग भगवा, मग तपकिरी. सेक्टरमधली सगळी दारं एकदम आपटली. गच्चीवरचे कपडे काढायला धावले तर तोंडात वाळू, दातांखाली कचकच. बसस्टँडच्या आरोळ्या बंद पडल्या. विनया खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. "मम्मी, बाबा कब आएँगे?" आणि मी, माझ्या आयुष्यात कधी नव्हे इतक्या खात्रीनं, म्हटलं, "बस आंधीत थांबली असेल. ड्रायव्हर अशा वेळी बस बाजूला घेतात." मला सगळं समोर दिसत होतं. रस्त्याच्या कडेला कीकरच्या, आपल्या बाभळीच्या, झाडाखाली उभी बस, काचा लावलेल्या, आत माणसं तोंडाला फडकी बांधून बसलेली, आणि विश्वास आपल्या मोडक्या पंजाबीत कुणाला तरी हसवतोय. मी ती धूळ सकाळपासून ओळखत होते, तिची कड माझ्या हातानं काढली होती. त्याला उशीर का झाला हे शहरात कुणापेक्षाही मला जास्त ठाऊक होतं. खाली बीजींना सांगितलं, शेजारी सांगितलं. सगळ्यांना पटलं. मी हवामानाची बाई होते. त्याचं पान वाढून झाकून ठेवलं आणि मी निवांत, खरंच निवांत, वाट बघत राहिले.

बस थांबवली होती ती आंधीच्या कितीतरी आधी. लख्ख उन्हात. बंदुका घेतलेल्या चौघांनी रस्त्यात जीप आडवी घातली, नावं विचारली, काही माणसांना उतरवलं आणि कालव्याच्या कडेला उभं करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांना जा म्हणाले. मी ज्या वेळी गच्चीवर धावत होते त्या वेळी तिथल्या मातीवर ती मऊ धूळ बसायला सुरुवात झाली असेल. त्याच्यावर.

साताऱ्याहून राजाभाऊ आले, विश्वासचे थोरले भाऊ. घर माणसांनी भरलं. दुसऱ्या दिवशी बावाजी आले आणि जिन्यातच थांबले. त्यांची चाहूल मला माहीत होती, चपला काढण्यापूर्वी ते दोनदा खाकरत. मी आतल्या खोलीत होते. राजाभाऊंचा आवाज ऐकू आला, "कोण पाहिजे?" मग बावाजींचं काहीतरी हळू. मग राजाभाऊ मराठीतच, त्यांना कळू नये म्हणून, पण इतकं मोठ्यानं की कुणालाही कळावं, "आता यांना घरात घ्यायचं का? यांच्याच लोकांनी केलं ना?" विनया बोलली. ती माझ्याशीही मराठीत बोलत नसे. ती म्हणाली, "काका, ते बावाजी आहेत." राजाभाऊ रडायला लागले. भला माणूस होता, भाऊ गेला होता त्याचा. मी बाहेर येईपर्यंत बावाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले होते, बीजींच्या दाराशी. मी जाऊन वरच्या पायरीवर बसले. पाठमोरी पगडी, तिच्यावर आंधीची धूळ अजून तशीच. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "भैणजी, उस दिन की तस्वीर आ गई है। मैंने खोली नहीं।" मग थांबून, "मैं अकेला नहीं पढ़ूँगा।"

त्यांनी ते चित्र खरोखर ठेवून घेतलं. दिल्लीहून विचारणा झाली, बोलणी खाल्ली. मी कामावर परत गेले तेव्हा ते भेंडोळं टेबलावर होतं, दोरीही न सोडलेलं. आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो. मी उजेडाचं वाचलं. त्या दिवशीच्या धुळीची कड मी काढत काढत आणली आणि हात थांबला. ज्या गावाजवळ ते झालं तिथवर धूळ पोचलेली नव्हती. थोडीशीच अलीकडे होती. तिथे स्वच्छ होतं. मी नियम मोडून मागे वळले. "बावाजी, यहाँ कुछ दिखता है?" त्यांनी भिंग घेतलं. एक डोळा मिटून त्या जागेकडे बघत राहिले, जणू खरंच काही दिसू शकणार होतं, जणू त्या काळ्या-करड्या कागदावर बस असणार होती, माणसं असणार होती. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "इक बिंदी विच पूरा पिंड आ जांदा है, भैणजी." एका ठिपक्यात अख्खं गाव मावतं. मला माहीत होतं. पण ते त्यांनी आधी बघितलं आणि मग सांगितलं.

आणि मग, त्याच महिन्यात, त्या कॉलेजातला एक तरुण डेमॉन्स्ट्रेटर विश्वासची पिशवी घेऊन आला. ती विश्वास निघताना गडबडीत प्रयोगशाळेतच विसरला होता. लाजाळू मुलगा, नुकती दाढी आलेला, पगडीचा पदर बोटांनी सारखा चाचपत होता. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही, मग घेतलं. जायला उठला आणि दारात थांबून म्हणाला, "आंटीजी, इक गल्ल दस्सां? पैहले दिन, सर..." एक सांगू का, असं विचारत होता; मग त्यानं हिंदी शोधली. "सर प्रैक्टिकल के बीच में बाहर निकले। ग्राउंड में, धूप में। घड़ी देखी, और ऊपर मुँह करके हाथ हिलाने लगे। दोनों हाथ। लड़के हँस-हँस के पागल। मैंने पूछा, सर, ये क्या? बोले, घर पर फोटो जाएगी।" तो हसत होता सांगताना, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो कुठे उभा आहे.

तो गेल्यावर मी पिशवी उघडली नाही. मी सरळ कक्षात गेले. त्या दिवसाचा माझा कागद काढला. डाव्या कडेला तपकिरी रेघांची आंधी, उत्तम काढलेली, आणि उजवीकडे सगळं कोरं. चित्र दिल्लीला परत गेलेलं. मी पत्र घातलं, बावाजी दोनदा स्वतः गेले. परत आलेली छपाई ठेवत नाहीत, जागा नसते, असं उत्तर आलं. ते चित्र माझ्या हाताखाली होतं, काचेखालून दिवा लागलेला होता. त्यानं हात हलवला होता आणि मी दुसरीकडे बघत होते. त्याला जीव लावणारं माणूस जगात एकच होतं, ज्याच्या टेबलावर त्या दुपारचं आकाश येणार होतं, आणि त्या माणसाला शिकवलेलं होतं की स्वच्छ जागी बघू नये.

पुढच्या वर्षी बावाजींच्या बहिणीचा मुलगा घरातून उचलला गेला. चौकशीला नेतो म्हणाले. कुठे नेला, कुणी नेला, ते कधीच समजलं नाही. बावाजी रजा न घेता कामावर येत राहिले. मी त्यांच्या बहिणीच्या घरी, मोहालीला, जाऊन जमिनीवर बसून आले. ती माझा हात धरून मला काही विचारत राहिली ते मला पंजाबीत नीट कळलं नाही. त्यानंतर कित्येकदा चित्र उलगडलं की बावाजींची नजर डाग सोडून भलतीकडेच जायची, तरणतारणकडे, कालव्यांकडे, स्वच्छ जमिनीवर रेंगाळायची. ते भिंग खाली ठेवायचे आणि मी माझी पेन्सिल उचलायचे. नोकरी संपल्यावर ते फार दिवस जगले नाहीत. लोक मला विचारत, तुम्ही परत महाराष्ट्रात का गेला नाहीत? विनयाही विचारायची, अजून विचारते, रागावून. मी सांगायचे, पेन्शनचं काम आहे, हवा मानवते. साताऱ्याला गेले असते तर मी विश्वासची बायको झाले असते, गेलेल्या माणसाची. इथे मी त्याच्या आकाशाखाली होते. वेडेपणा आहे. पण तो कुणाला दिसत नाही.

दुपारी जेवणं झाली. लीना पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. बाहेर उजेड पिवळट, पंखा गरम हवा फिरवतोय. मी पदराला हात पुसत तिच्याशेजारी बसले आणि तारीख सांगितली. तिनं टाइप केली. वर्ष टाइप करताना तिची बोटं मंदावली. तिनं माझ्याकडे बघितलं. आजोबा बसमध्ये गेले एवढं तिला ठाऊक होतं, आणि भिंतीवरच्या तसबिरीखाली तारीख आहे. "आजी, ये तो... पण ही डेट एक दिवस आधीची आहे."

"हो. आदल्या दिवसाची. दुपारची."

चित्र यायला वेळ लागला, वरून खाली, पडदा सोडल्यासारखं. मी पाहिलं आणि ओळखलं. डाव्या कडेला ती होती, जीभ काढलेली. माझी नजर तिकडे जायला लागली, इतक्या वर्षांची सवय, आणि मी ती ओढून आणली. लीनाच म्हणाली, "वॉव, क्या डस्ट फ्रंट है! हे बघायचं होतं ना तुला?"

"नाही. इकडे ये. उजवीकडे. अजून. भटिंड्याच्या थोडं वर."

"इथे? इथे तर काहीच नाहीये, आजी. एकदम क्लिअर आहे."

"मोठं कर."

तिनं मोठं केलं. जमीन करडी, त्यात कालव्याची बारीक रेघ. आणखी मोठं केलं. रेघ तुटली, चौकोन झाले, फिके आणि गडद, गोधडीच्या तुकड्यांसारखे. ती हळू म्हणाली, "याच्या पुढे नाही जात. एका पिक्सेलमध्ये..."

"माहीत आहे मला."

मग तिनं न विचारता पडद्यावर लिहायची ती पेन्सिल माझ्या हातात दिली. तिच्या कामाची असते ती, डागांना कुंपण घालायला. मी कालवा धरला, कालव्यापासून रस्ता अंदाजला, आणि कॉलेज असावं त्या चौकोनाभोवती एक वर्तुळ काढलं, वेडंवाकडं. त्या चौकोनाचा रंग शेजारच्यांपेक्षा किंचित उजळ होता. चुनखडी जमीन असेल, छपरं असतील. घड्याळात बघून कुणी बाहेर आलं असेल. वर्तुळ पुरं होताच पडद्यावर एक लहानशी चौकट उघडली, लीनाचा प्रोग्राम विचारत होता हे काय आहे. धूर, धूळ, ढग, तीनच नावं होती तिच्यात.

"काय निवडू, आजी?"

डावा हात माझ्या मांडीवर होता. तो मी उचलला, पडद्यासमोर धरला, आणि हळूच हलवला. लीना त्या हाताकडे आणि मग चौकोनाकडे बघत राहिली. मग तिनं ती चौकट काही न निवडता बंद केली, आणि आपलाही हात वर केला.